मार लॉज : जिथे जंगल आपलं आपण परत येतंय

शनिवार : अ‍ॅबर्डीन ते ब्रेमार

स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनहून २०१ नंबरची बस डी नदीच्या काठाने पश्चिमेला निघते आणि ब्रेमार या गावात जाऊन थांबते. पुढे बस नाही. अंतर शंभर किलोमीटरच्या आतलंच, पण बस गावागावांत थांबत जाते, त्यामुळे दोन तास सहज लागतात. भाची अ‍ॅबर्डीनला तेल कंपनीत इंजिनिअर आहे. तिथे बरेच मराठी लोक याच क्षेत्रात आहेत. तिने सुट्टी काढली होती आणि जूनचा पहिला आठवडा असल्यामुळे रात्री दहापर्यंत उजेड मिळणार होता.

बँकरी, अबॉइन या गावांपर्यंत दोन्ही बाजूंना शेतं आणि दाट झाडी दिसते. बॅलेटर मागे पडलं की डोंगर उघडे पडायला लागतात. उतारांवर गडद-फिकट चौकोनी ठिगळं दिसतात. ते जाळलेलं हेदर, म्हणजे इथल्या डोंगरांवरचं बुटकं झुडूप. ग्राउस या रानकोंबडीसारख्या पक्ष्याला कोवळे कोंब खायला मिळावेत आणि मग त्याची शिकार करता यावी, म्हणून हेदरच्या पट्ट्या आळीपाळीने जाळतात.

"मावशी, इथे आले तेव्हा मला वाटायचं, हायलँड्स म्हणजे असेच मोकळे डोंगर. कॅलेंडरवर असतात तसे," भाची म्हणाली.

बहुतेकांना तसंच वाटतं. पण हिमयुग संपल्यावर या डोंगरांवर स्कॉट्स पाइन, बर्च, रोवन, ज्युनिपर यांचं जंगल वाढलं होतं. त्या पाइनच्या मूळ जंगलाचे जेमतेम एक टक्का तुकडे आज शिल्लक आहेत, नोंदलेले असे ८४. थोडं हवामानाने गेलं, बरंचसं कुऱ्हाडीने गेलं. जे उरलं त्याला नवी पिढी येऊ शकली नाही, कारण हरणं. ती नवी पिढी जिथे आता उभी राहते आहे, ते रान बघायला आम्ही निघालो होतो.

अ‍ॅबरगेल्डीच्या आसपास भाचीने खिडकीतून नदीपलीकडे बोट दाखवलं. ३० डिसेंबर २०१५ ला फ्रँक नावाच्या वादळात डीला असा पूर आला की तिथल्या जुन्या गढीच्या भिंतीपासून काही हातांवर काठ कापला गेला, हमरस्त्याचा तुकडा वाहून गेला आणि बॅलेटर गावात पाणी शिरलं. असल्या पुराला एकच कारण नसतं. पण नदीच्या उगमाकडचे डोंगर बोडके असले की पाऊस अडतही नाही आणि मुरतही नाही, हे सासवडच्या टेकड्या पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

ब्रेमार छोटं, दगडी घरांचं, नीटनेटकं गाव. ब्रिटनमधलं नोंदलेलं सर्वांत कमी तापमान, उणे २७.२ अंश, इथे दोनदा नोंदलं गेलंय : फेब्रुवारी १८९५ आणि जानेवारी १९८२. आम्ही पोचलो तेव्हा ऊन होतं, आणि तरी मी स्वेटर काढला नाही.

रविवार : चोवीसशे मुंडकी

मार लॉज इस्टेट ब्रेमारच्या पश्चिमेला पसरलेली आहे. इस्टेट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चहाचा मळा किंवा फार्महाऊस येतं. ही आहे सुमारे २९ हजार हेक्टर. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जवळजवळ तिप्पट. ब्रिटनमधल्या सर्वांत उंच पाच शिखरांपैकी चार हिच्या हद्दीत किंवा हद्दीवर येतात. १९९५ मध्ये नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेने ती विकत घेतली. पैसा मुख्यतः राष्ट्रीय वारसा निधीतून आला. २०१७ मध्ये तिला राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. या वर्गातलं ब्रिटनमधलं हे सर्वांत मोठं क्षेत्र.

स्कॉटलंडमध्ये जमीन किती थोड्या हातांत आहे हे कळल्याशिवाय या खरेदीचं महत्त्व लक्षात येत नाही. खासगी ग्रामीण जमिनीतली निम्मी पाचशेहून कमी मालकांकडे आहे. त्यातल्या पुष्कळ इस्टेटी शिकारीसाठी राखलेल्या. दुसरीकडे २००३ च्या कायद्याने कुणालाही, कुणाच्याही डोंगरावर, जबाबदारीने वागून पायी फिरण्याचा हक्क आहे. म्हणून माझ्यासारखी पुण्याची बाई इथे कुणाची परवानगी न घेता हिंडू शकते.

लॉज म्हणजे लाल कौलांची, लाकडी सज्जांची लांबलचक कोठी. आधीची कोठी १८९५ मध्ये जळाली, तेव्हा नव्या कोठीची कोनशिला खुद्द व्हिक्टोरिया राणीने बसवली, कारण तिची नात लुईज इथल्या ड्यूक ऑफ फाइफला दिली होती. बाजूलाच नाचाचं दालन आहे. भाचीने आधीच विचारून ठेवलं होतं, म्हणून आत जाता आलं.

भिंती आणि छत, सगळीकडे हरणांच्या कवट्या. शिंगांसकट. चोवीसशेहून जास्त. तुळयांवर ओळीने, मधल्या पट्ट्यांवर ओळीने, नजर जाईल तिथे पांढरं हाड आणि तपकिरी शिंग. मी मान वर करून बराच वेळ उभी राहिले. आधी अंगावर काटा आला. मग प्रश्न पडला की एका खोऱ्यात इतकी हरणं आली कुठून?

उत्तर त्या दालनातच आहे. १८५२ मध्ये राणीच्या कुटुंबाने शेजारचं बाल्मोरल घेतलं आणि हरणाची शिकार ही श्रीमंतांची प्रतिष्ठेची गोष्ट झाली. लांडगा त्याच्याही आधी संपलेला. हरणाला खाणारं कुणी नाही, आणि मालकाला हवीत जास्तीत जास्त नरांची शिंगं. मग हरणं राखली, वाढू दिली. नराचं डोकं भिंतीवर गेलं, माद्या डोंगरावर राहिल्या आणि दरवर्षी व्यायल्या. तीन-चार पिढ्या हेच चाललं. भिंतीवरच्या एकेका शिंगामागे डोंगरावरचं किती रोप गेलं असेल याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

सोमवार : ग्लेन लुई आणि डेरीचं रान

हा दिवस मला सविस्तर सांगायचाय.

लिन ऑफ डी या ठिकाणी नदी खडकाच्या अरुंद चिरेतून घुसते. काही ठिकाणी पाणी एवढ्याशा फटीत दाबलेलं आहे की उडी मारून पलीकडे जाता येईल असा मोह होतो. त्या मोहाने इथे माणसं दगावलेली आहेत. वरचा दगडी पूल १८५७ चा. तिथून ग्लेन लुईची वाट सुरू होते. आमच्याबरोबर ट्रस्टच्या रेंजरबाई होत्या. त्यांच्या पाठपिशवीला एक मोजपट्टी लटकत होती आणि ती दिवसभर कामाला आली.

ग्लेन लुई रुंद, सपाट, हिरवं खोरं. गवतात घरांचे चौथरे दिसतात. अठराव्या शतकात इथल्या कुळांना उठवलं गेलं. म्हणजे 'निर्मनुष्य रान' म्हणून जे आपण बघतो त्याच्या खाली माणसांची चूल आहे. रेंजरबाई तिथे थांबल्या आणि म्हणाल्या, "इथे आम्ही झाडं येऊ देत नाही. चौथऱ्यांत मुळं शिरली की दगड फुटतात." जंगल परत आणणाऱ्या माणसाने असं म्हणावं हे मला फार बरं वाटलं.

तासा-दीडतासाने डेरी लॉज. जुनी शिकारी कोठी, खिडक्या बंद. तिच्याभोवती म्हातारे पाइन. इथले लोक यांना 'ग्रॅनी' म्हणतात. दोनशे, काही तीनशे वर्षांचे. उंच सरळसोट नव्हेत, आडव्या फांद्यांचे, डेरेदार, वरची साल नारिंगी. बुंध्यापाशी खवल्यांसारखी जाड साल, तिच्यात बोट घातलं तर पेरभर आत जातं. तळाशी ब्लेबेरीची हिरवी झुडपं आणि सुयांच्या ढिगाऱ्यांत रानमुंग्यांची गुडघाभर उंच वारुळं.

१९९५ मध्ये इथे फक्त हे म्हातारे होते. त्यांच्यामागून आलेलं काहीच नाही. जवळपास दोनशे वर्षांत वाढलेलं एकही तरुण झाड नाही. दरवर्षी बी पडत होतं, रुजत होतं, आणि हिवाळ्यात हेदरच्या वर डोकं काढलं की हरीण ते खात होतं. गाव आहे, त्यात सगळे आजी-आजोबा आहेत, आणि एकही तरणं माणूस नाही, अशी गत. म्हातारे मरायच्या आत काही केलं नसतं तर बीच संपलं असतं.

ट्रस्टपुढे दोन रस्ते होते. एक, कुंपण. त्याने हरणं अडतात, पण कॅपरकेली आणि ब्लॅक ग्राउस हे जड अंगाचे पक्षी वेगात उडताना तारेवर आपटून मरतात. कॅपरकेली आज साऱ्या ब्रिटनमध्ये पाचशेच्या आसपास उरलेत, तेव्हा त्यांच्या जंगलासाठी त्यांनाच मारणारं कुंपण घालण्यात अर्थ नव्हता. दुसरा रस्ता म्हणजे हरणं कमी करणं. त्यांनी इस्टेटीचे दोन भाग केले. एका भागात शिकार पूर्वीसारखी, मर्यादेत. दुसऱ्या भागात, म्हणजे जिथे म्हातारे पाइन अजून बी देत होते त्या कोइख, लुई, डेरीच्या खोऱ्यांत, हरीण दिसलं की मारायचं. लाल हरणांचा आकडा तीन हजारांच्या वर होता, तो कालांतराने निम्म्याच्या आसपास आला. जंगल वाढायचं तर चौरस किलोमीटरला पाचपेक्षा कमी हरणं हवीत, असा इकडचा ठोकताळा आहे.

आणि तरी पहिली दहा-पंधरा वर्षं डोळ्यांना काही दिसलं नाही. लोक संतापले : हरणं मारताय, झाडं कुठायत? २०११ मध्ये स्वतंत्र समितीने आढावा घेतला. समितीनंतर ट्रस्टने हात आवरला नाही, उलट राखणुकीच्या भागात काम आणखी नेटाने केलं. मग रोपं वर आली.

रेंजरबाईंनी आम्हाला वाटेपासून आत नेलं आणि एका छोट्या पाइनपाशी बसवलं. माझ्या खांद्याएवढं. "याचं वय सांगा," म्हणाल्या.

पाइनला दरवर्षी फांद्यांचं एक चक्र फुटतं. दोन चक्रांमधलं अंतर म्हणजे त्या वर्षाची वाढ. मी शेंड्यापासून खाली मोजत आले. वरची चार-पाच पेरं चांगली वीतभर. त्याखाली बोटभर. अठरा चक्रं नीट लागली, आणि मग गुडघ्याखाली हेदर बाजूला सारलं तर खोडाचा नुसता गुंता. वाकडं, गाठाळलेलं, मनगटाएवढं जाड, जागोजागी तुटून पुन्हा बाजूने फुटलेलं. शेंडा खाल्ला, बाजूचा कोंब वर आला, तोही खाल्ला, दुसरा आला. किती वर्षं ते मोजताच येईना. म्हणजे ट्रस्ट यायच्या आधीपासून हे रोप इथे होतं. हेदरच्या उंचीखाली दबून, दरवर्षी फुटत आणि दरवर्षी खाल्लं जात. ज्या वर्षी कुणी खाल्लं नाही, त्या वर्षी ते वर निघालं.

मी त्या गाठीवर हात ठेवून बसले. मला रडू आलं, आणि ते लपवावं असं वाटलं नाही.

मान वर केली तेव्हा समोरचा उतार नव्याने दिसला. सगळीकडे शेंडे. गुडघ्याएवढे, कमरेएवढे, डोक्याच्या वर गेलेले. म्हाताऱ्या पाइनच्या भोवती दाट, लांब जावं तसे विरळ. मध्ये बर्चची कोवळी पालवी, रोवनचा पांढरा फुलोरा, ज्युनिपरचे निळसर गठ्ठे. एकसारख्या रांगा कुठेच नाहीत. कोकीळकुळातला तिकडचा कक्कू सारखा ओरडत होता. कुणी खड्डा खणला नव्हता, कुणी रोप लावलं नव्हतं, कुणी टँकरने पाणी घातलं नव्हतं.

आपल्याकडे हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली आणि डोंगर पालटला, हे आपण जाणतो. इथली गोष्ट त्याच जातीची आहे. फरक एवढाच की तिथे गुरांच्या मालकांना एकत्र बसवून पटवता आलं. इथे चरणाऱ्याला मालक नाही, त्यामुळे बंदी बंदुकीनेच येते.

पुढे ग्लेन डेरीत ओढ्यावर जुन्या बंधाऱ्याचे अवशेष आहेत. पाणी साठवायचं, मग एकदम सोडायचं आणि तोडलेले ओंडके वाहवत डीत, डीतून खाली न्यायचे. त्या काळची ही लाकूडवाहतूक. बंधाऱ्याच्या दगडांमध्ये आज बोटभर पाइन उगवलेत.

मंगळवार : पाऊस आणि दुसरी बाजू

दिवसभर पाऊस. आमच्या मुक्कामाच्या घरी शेजारचे एक वृद्ध गृहस्थ चहाला आले. उमेदीची सगळी वर्षं वेगवेगळ्या इस्टेटींवर स्टॉकर म्हणून काढलेली, म्हणजे शिकाऱ्याला हरणापर्यंत नेणारा, हरणांची गणती ठेवणारा माणूस. मी डेरीच्या रोपांबद्दल भरभरून बोलले. त्यांनी ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "लाल हरीण हे मुळात रानातलं जनावर. आम्ही त्याला उघड्या डोंगरावर राहायला लावलं. आता कडाक्याच्या हिवाळ्यात ते आसऱ्याला झाडांत येतं, आणि नेमकं तिथेच त्याला गोळी. ते मला बघवत नाही."

हंगामाबाहेर, रात्रीच्या वेळी, सरकारी परवानगी काढून मारणं हे तर त्यांना अजिबात पटत नव्हतं. त्यांच्या परंपरेत हंगाम म्हणजे नेम. माद्या पोटुशी असताना, पिल्लं अंगावर असताना बंदूक उचलायची नाही. शिवाय त्यांची एक भीती : हरणं गेली तर स्टॉकरची नोकरी गेली, नोकरी गेली तर घर गेलं, आणि दरीत आणखी एक घर बंद. ज्या प्रदेशातून माणसं एकदा हुसकावली गेली आहेत तिथे ही भीती पोकळ नाही.

मला त्यांचं म्हणणं खरं वाटलं, आणि तरी माझं मत बदललं नाही. आधीच्या व्यवस्थेतही हरणं मरतच होती. उघड्या डोंगरावर, अर्धपोटी, लांबलेल्या हिवाळ्यात शेकड्यांनी. ते मरण कुणाच्या हातून होत नव्हतं म्हणून कुणाला टोचत नव्हतं. ट्रस्टचे लोक जे करतात ते उघडपणे करतात, मारलेल्या हरणाचं मांस वाया जात नाही, ते बाजारात जातं. आणि स्टॉकर नकोसा झालेला नाही, उलट त्याचं काम वाढलंय. जंगल परत आणायचं सगळ्यांत अवघड काम तोच करतो, पहाटेच्या थंडीत, पोटावर सरपटत. रेंजरबाई काल हेच म्हणाल्या होत्या : "झाडांचं श्रेय आम्हाला मिळतं, शिव्या त्यांना."

लांडगा किंवा लिंक्स हे मोठं रानमांजर परत आणा, म्हणजे माणसाला बंदूक धरायला नको, असंही इथे बोललं जातं. लिंक्सबद्दल गंभीर चर्चा चालू आहे. मेंढपाळांचा विरोध आहे. आजोबांनी या विषयावर नुसती मान हलवली आणि दुसरा कप भरून घेतला.

बुधवार : पुसलेला रस्ता

आकाश उघडलं. कोइखच्या खोऱ्यातून बेन अ वूर्ड या डोंगराकडे निघालो. हा ११९७ मीटरचा, माथ्यावर मैदानासारखा सपाट. पुरा जाऊन यायचं तर जवळपास तीस किलोमीटर चाल पडते. माझे गुडघे लक्षात घेऊन आम्ही आधीच ठरवलं होतं की माथा नाही, दांडावर जिथवर जाता येईल तिथवर.

सुरुवातीलाच ओढ्याच्या खडकात पाण्याने कोरलेला गोल रांजणखळगा आहे. गादी गेलेल्या स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने झालेल्या १७१५ च्या जॅकोबाइट बंडाची सुरुवात ब्रेमारमधून झाली, तेव्हा अर्ल ऑफ मारने आपल्या माणसांसाठी यात मद्य कालवलं होतं अशी दंतकथा. निघोजला कुकडी नदीवर ज्यांनी रांजणखळगे पाहिलेत त्यांना हा एकटाच खळगा लहान वाटेल, पण पाणी इतकं नितळ आहे की तळाचा खडा न् खडा दिसतो.

इथे बघायचं होतं ते वेगळंच. १९६० च्या दशकात या डोंगराच्या दांडावरून बुलडोझरने गाडीरस्ता काढला होता, हजार मीटरच्याही वर. शिकाऱ्यांना गाडीतून वर नेता यावं म्हणून, आणि बर्फावरच्या स्कीइंगच्या योजनेसाठी. कित्येक मैलांवरून तो डोंगरावरच्या ओरखड्यासारखा दिसायचा. ट्रस्टने आल्यावर ठरवलं की हा रस्ता पुसायचा. स्कॉटलंडच्या डोंगरांत एवढ्या उंचीवर असं आधी कुणी केलेलं नव्हतं.

रस्ता काढताना वरच्या बाजूची माती खणून खालच्या बाजूला ढकललेली असते. पुसताना उलट करायचं. खोदयंत्राने खालच्या बाजूची भर ओढून परत खाचेत घालायची, मूळ उताराशी उतार जुळवायचा, दगड त्यांची शेवाळाची बाजू वर येईल असे ठेवायचे, काढून ठेवलेली गवत-हेदरची ढेकळं परत बसवायची. पायी चालणाऱ्यांसाठी फक्त एक अरुंद पायवाट सोडायची. उंचीवर कामाचे महिने उन्हाळ्यातले तेवढेच, म्हणून काही वर्षं लागली.

आम्ही त्या पायवाटेने चढत होतो. कुठून रस्ता जात होता ते शोधायला मी मुद्दाम उकिडवी बसून उताराकडे तिरकं पाहिलं. मग लागला. एका पट्ट्यात दगडांवरचे दगडफुलाचे डाग थोडे लहान, हेदर थोडं कमी जुनं. बाकी काही नाही. पाठीमागून आलेलं एक तरुण जोडपं त्याच पट्ट्यावरून बोलत बोलत गेलं.

सातशे मीटरच्या वर, जिथे जंगलाची अपेक्षाही नव्हती, तिथे खडकाच्या आडोशाला वीतभर पाइन दिसायला लागले. वाऱ्याने चेपलेले, जमिनीलगत पसरलेले. अगदी वरच्या कड्यांवर, हरणाला पोचता येत नाही अशा कपारींत, लोकरी पानांची ठेंगणी विलो टिकून असते. तिची अडचण वेगळी आहे. तिच्यात नर झाड निराळं, मादी झाड निराळं. कपारीत एकच झुडूप उरलं आणि ते मादी असलं, तर शेकडो वर्षं फुलूनही बी धरणार नाही. अशा ठिकाणी नुसती वाट बघून चालत नाही. केर्नगॉर्म पर्वतात ठिकठिकाणी लोक दोर लावून कड्यावरून काड्या आणि बी गोळा करतात, रोपवाटिकेत वाढवतात आणि पाठीवरून वर नेऊन लावतात. जिथे बी आहे तिथे थांबायचं, जिथे बीच नाही तिथे हात लावायचा, हा विवेक मला फार मोलाचा वाटला. आमच्या सासवडकडच्या गटात आम्ही किती रोपं लावली याचे आकडे सांगतो. आपोआप आलेली किती राखली, हा रकाना आमच्या वहीत नाही. तो परत गेल्यावर घालणार आहे.

वरून पश्चिमेला ब्रेरिआख डोंगराच्या कुशीत बर्फाचे पांढरे डाग दिसत होते. तिथल्या एका खोलगट घळीतला बर्फ पूर्वी बारमाही टिकायचा. विसाव्या शतकात तो फक्त १९३३, १९५९ आणि १९९६ मध्येच पूर्ण वितळला होता. २०२१ पासून सलग काही वर्षं वितळला. डी नदी त्याच डोंगराच्या पठारावर, १२०० मीटरच्या वर उगम पावते.

गुरुवार : डीचा वरचा काठ

लिन ऑफ डीवरून नदीच्या काठाने व्हाइट ब्रिज आणि तिथून थोडं पुढे चेस्ट ऑफ डीपर्यंत गेलो. इथे चालणं सोपं, बघणं जड. झाडं नाहीत. नदी उघड्या, तपकिरी खोऱ्यातून वाहते. हा इस्टेटीचा दुसरा भाग, जिथे हरणं अजून आहेत, आणि पाइनचं बी देणारं झाड मैलोन् मैल नाही. एका टेकाडावर चाळीसेक हरणांचा कळप मान वर करून आमच्याकडे बघत होता. सुंदर जनावर. काश्मीरच्या हंगुलचं जवळचं नातलग.

चेस्ट ऑफ डीला छोट्या धबधब्यांची रांग आहे. वाटेच्या दुरुस्तीच्या निमित्ताने इथे गारगोटीची हत्यारं सापडली, मग उत्खनन झालं. दहा हजार वर्षांपूर्वी शिकारी-संकलक माणसं इथे येत होती, चुली पेटवत होती, आणि पुढे हजारो वर्षं पुन्हापुन्हा येत राहिली. त्यांच्या चुलीतला कोळसा सापडला, म्हणजे हाताशी जळण होतं. आज तिथे चहापुरत्या काटक्याही मिळणार नाहीत.

उघड्या नदीचा फटका सॅमन माशाला बसतो. सावली नसल्यामुळे उन्हाळ्यात पाणी तापतं. २३ अंशांच्या पुढे पाणी गेलं की सॅमनच्या पिल्लांना ते सोसत नाही. डीच्या वरच्या उपनद्यांच्या काठी २०३५ पर्यंत दहा लाख देशी झाडं लावायचा संकल्प नदीसाठी काम करणाऱ्या संस्थेने केलाय. इथे मात्र कुंपणं लागतात, कारण हरणं आहेत. डेरीत नको असलेलं कुंपण इथे चालतं, याबद्दल रेंजरबाईंना विचारलं होतं. त्यांनी सरळ सांगितलं, प्रत्येक खोऱ्याला वेगळं उत्तर लागतं आणि कुंपण हे तात्पुरतं उत्तर आहे.

दुसरं काम पीटचं. गेल्डी नदीच्या बाजूला जमीन म्हणजे काळा, ओला, स्पंजासारखा पीट. शेवाळ हजारो वर्षं न कुजता साठून झालेला. चरणं, जाळणं, तुडवणं यांनी तो उघडा पडला की वाऱ्या-पावसाने झिजतो, घळी पडतात, आणि कोंडलेला कार्बन हवेत जातो. मी एका घळीच्या कडेला उतरून बघितलं. माझ्या कमरेएवढी उभी काळी भिंत, आणि तिच्या पोटातून बाहेर आलेलं पाइनचं बुडखं. चंदेरी, घट्ट, सालाचे पापुद्रेसुद्धा ओळखू येत होते. ज्या खोऱ्यात आज एक झाड नाही तिथे जमिनीनेच पुरावा जपून ठेवला आहे. पीट वाचवायचा तर रुंद पट्ट्यांच्या हलक्या यंत्रांनी घळीची उभी भिंत तासून उतरती करतात, तिच्यावर जिवंत शेवाळाचं आच्छादन ओढतात आणि वाहत्या चरांत पीटचेच बांध घालून पाणी अडवतात. स्कॉटलंड सरकारने २०२० मध्ये या कामासाठी दहा वर्षांत २५ कोटी पौंड जाहीर केले.

गेल्डीच्या वरच्या टोकाला जमीन सपाट होते आणि नकळत पाणी पश्चिमेला वळतं. पलीकडे ग्लेनफेशी. तिथेही २००४ मध्ये मोठ्या प्रमाणावर हरणं मारली गेली, तेव्हा प्रचंड गदारोळ झाला होता, आणि आज तिथल्या नदीकाठी पाइन-बर्च दाटीने उभे आहेत. फेशीच्या पुढे अ‍ॅबर्नेथीपर्यंतचे मालक आणि संस्था मिळून 'केर्नगॉर्म्स कनेक्ट' नावाने एक योजना चालवतात. त्यांनी ठरवलेली मुदत २०० वर्षांची आहे. योजना लिहिणाऱ्यांपैकी कुणीही तिचा शेवट बघणार नाही, हे जाणून लिहिलेली.

म्हणजे पूर्वेकडून मारचं रान वाढतंय, पश्चिमेकडून फेशीचं. मधे गेल्डीचा हा उघडा, ओला, वाऱ्याचा पट्टा. आम्ही दोघी जिथवर गेलो तिथून पलीकडची झाडं दिसत नव्हती. भाचीने नकाशा पसरून अंतर बोटांनी मोजलं आणि म्हणाली, "मावशी, पुढच्या वेळी मागे नाही फिरायचं. इथून आयडार्टचा पूल ओलांडायचा आणि सरळ फेशीत उतरायचं."

लांबचा पल्ला आहे, ओढे फुगले तर थांबावं लागतं. मी हो म्हटलं.